डिस्क कोरडी ठेवणे

सोमवार, ३ मार्च

घडलेलं असं:

१. सकाळी कारखान्याच्या फाटकाशी मी ब्रेक दाबला.
२. सायकल ओरडली.
३. फाटकाशी तेव्हा आमचे साहेब उभे होते. शेजारी नव्या प्लांटचे प्रमुख. त्या प्लांटला, दुसऱ्या शहरात, मी एक एप्रिलला रुजू होणार आहे.
४. वॉचमनच्या कपातला चहा वॉचमनच्या शर्टावर गेला.
५. साहेब म्हणाले, ही आमची ब्रेक-नॉइज इंजिनिअर. एक तारखेपासून तुमची.
६. प्रमुखांनी सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, ही पण येणार का तिकडे? मी म्हटलं, हो.
७. दोघं हसले. मी हसले नाही, कारण प्रश्न वस्तुस्थितीचा होता.
८. घरी कोणाला सांगितलं नाही. आई विचारेल तेवढंच मी सांगते, आणि बाबा सध्या माझ्याशी बोलत नाहीत. बाबांच्या न बोलण्याचा या नोंदीशी संबंध नाही.

ही रोजनिशी तांत्रिक आहे. समस्या: पुढच्या चाकाचा डिस्क ब्रेक किंचाळतो. मुदत: ३० मार्च, रविवार, सकाळची बस. त्या बसमधून ही सायकल जाईल ती गप्प होऊन जाईल. एक आठवडा पुष्कळ झाला. मोटारींचे ब्रेक गप्प करणं हे माझं रोजचं काम आहे. सायकल म्हणजे त्यातली बालवाडी.

मंगळवार, ४ मार्च

पार्श्वभूमी एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुन्हा त्यात पडायला नको.

डिस्क म्हणजे चाकाच्या मधोमध बसवलेली स्टीलची ताटली. ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी पकडतात. पकडताना ताटली थरथरली की आवाज. थरथरायला तीन कारणं: मळ, तेल, किंवा पॅड धरणारा चिमटा तिरका बसलेला. तिन्ही माझ्या हातातली.

आवाज सुरू झाला सोमवारी, २४ फेब्रुवारीला. आदल्या रविवारी मी घरी बदलीची बातमी दिली होती. योगायोग.

बातमी मी व्यवस्थित दिली. जेवणं झाल्यावर लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि स्लाइड दाखवल्या. पार्श्वभूमी, फायदे, तोटे, वेळापत्रक. 'सोबत नेण्याच्या वस्तू' या स्लाइडवर सायकलीचा फोटोही होता. शेवटच्या स्लाइडवर लिहिलं होतं: प्रश्न? आईने विचारलं की तिथे खाण्यापिण्याचं काय करणार. बाबांनी काहीच विचारलं नाही. उठले, टीव्हीचा प्लग काढला आणि गॅलरीत जाऊन बसले. तेव्हापासून जे काही बोलायचं ते आईमार्फत. तिला सांग, पंखा चालू राहिलाय. मी त्याच पंख्याखाली बसलेली असते.

मला फरक पडत नाही. आईला पडतो. ती रोज म्हणते, अगं, जायच्या आत बोल त्यांच्याशी, नाहीतर ते तसेच बसून राहतील आणि तू तशीच निघून जाशील. मी म्हटलं, संवाद त्यांनी बंद केलाय, सुरूही त्यांनीच करायचा. आई म्हणाली, मग झालंच. दोघांना एकाच साच्यातून काढलंय.

बाबा छापखान्यात मशीनमन होते. आता निवृत्त. त्यांचं शास्त्र एकाच वाक्याचं आहे: आवाज म्हणजे मशीन तेल मागतंय. लांब चोचीची तेलाची बुधली, जिचं बूड दाबलं की टक असं वाजतं, ती त्यांनी घरी आणली आणि हातातून ठेवली नाही. आमच्या घरात एकही दार कुरकुरत नाही. कपाटं, पंखे, कात्र्या, छत्र्या, सगळं गुळगुळीत. मागे कोण कधी येऊन उभं राहिलं ते वळून बघितल्याशिवाय कळत नाही.

चालू समस्येत मात्र बाबांचा विचार करण्याचं कारण नाही. ते माझ्याशी बोलत नाहीत. अर्थात माझ्या सायकलीशीही त्यांचं काही नसणार. हा तर्क आहे.

बुधवार, ५ मार्च, संध्याकाळ

डिस्क अल्कोहोलने पुसली (लॅबमधलं, बाटलीच्या तळाशी उरलेलं). पॅड काढून सँडपेपरवर घासले. फडक्यावर काळपट चिकट डाग. रस्त्यावरची घाण. पार्किंगमध्ये दोन फेऱ्या मारल्या. आवाज नाही.

समस्या संपली. रोजनिशी बंद.

गुरुवार, ६ मार्च

रोजनिशी सुरू.

इमारतीच्या गेटपर्यंत गप्प. कोपऱ्यावरही गप्प. सिग्नलला हुंदका दिला आणि तिथून कारखान्यापर्यंत गळा काढला. मला लांबून येताना बघून वॉचमनने कप आधीच खाली ठेवला.

लॅबमध्ये एक सहकारी आहे. त्याला आम्ही सरासरी म्हणतो, कारण काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर 'साधारण ठीक' असतं. त्याने विचारलं, नवीन हॉर्न घेतलास का? मग त्याने माझ्या ब्रेकचा आवाज फोनवर पकडून लॅबच्या ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, ओळखा पाहू. साहेबांनी ओळखलं.

निष्कर्ष: चिमटा तिरका बसलाय. उघड आहे. तीन कारणांपैकी मळ गेला आणि तेल नव्हतंच. उरलं काय?

शनिवार, ८ मार्च

चिमट्याचे दोन्ही बोल्ट ढिले केले, ब्रेक दाबून धरला, दाबलेल्या अवस्थेत बोल्ट पुन्हा घट्ट केले. आता ताटलीच्या दोन्ही बाजूंना केसाएवढी सारखी फट आहे. उजेडासमोर धरून बराच वेळ बघितली. फार सुरेख काम झालं आहे. सगळं पुन्हा अल्कोहोलने पुसलं. फडक्यावर पुन्हा तोच चिकट डाग. आपल्या भागातले रस्ते अतिशय घाण आहेत. कोणीतरी तक्रार करायला हवी.

मी काम करत असताना बाबा वर्तमानपत्र घेऊन खाली आले. पार्किंगमध्ये उभं राहून कोणी वर्तमानपत्र वाचत नाही, पण त्यांनी वाचलं. मी तिथे होते तोवर पान काही उलटलं नाही. मान वर केली तेव्हा ते गेलेले. थोड्या वेळाने आई गॅलरीतून ओरडली की बाबा म्हणतायत, एवढं घासलं तर त्या चाकाचं काही उरायचं नाही. मी खालून म्हटलं, त्यांना सांग की याला घासणं नाही म्हणत, याला पृष्ठभागाची तयारी म्हणतात. आई म्हणाली, मी काय पोस्टमन आहे का तुमची? आणि सांगायला आत गेली.

खबरदारी म्हणून डिस्कवर प्लॅस्टिकची पिशवी चढवली. रात्री दव पडतं. वरून दोरी गुंडाळून दोन गाठी मारल्या.

'समस्या संपली' असं यावेळी लिहीत नाही. लिहायची गरजच नाही.

सोमवार, १० मार्च

गळा काढला.

मात्र एक चांगली गोष्ट घडली. सकाळी पिशवी सोडायला वाकले तर गाठ इतकी नेटकी होती की क्षणभर बघतच राहिले. चपटी, सुबक, एक टोक ओढलं की अख्खी मोकळी. छापखान्यातून बांधून येणाऱ्या गठ्ठ्यांना असते तशी. मला अशी गाठ मारता येते हे मला माहीत नव्हतं. हाताने काम करत राहिलं की कसब आपोआप वाढतं.

मंगळवार, ११ मार्च

आजवर मी सायकलीतच दोष शोधत बसले, ही चूक होती. माझ्या कामात दोष नाही, म्हणजे दोष बाहेरून येतोय.

संशयित: पहिल्या मजल्यावरचे स्कूटरवाले काका. रोज सकाळी स्कूटर पुसतात. हातात चकाकी आणणाऱ्या स्प्रेचा डबा असतो. फवारा हवेत उडतो, वारा कंपाउंडच्या भिंतीकडे वाहतो, भिंतीला टेकून माझी सायकल. शक्य आहे. शक्य आहे म्हणजे तसंच आहे.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. वाऱ्याच्या दिशेची आकृती काढून नेली होती, म्हणजे गैरसमज नको. नम्रपणे म्हटलं की स्प्रे मारताना माझ्या डिस्कचाही विचार व्हावा. काकांनी आकृती सरळ धरली, उलटी धरली. म्हणाले, पोरी, तो डबा गेल्या वर्षीच संपला. मी नुसतं ओलं फडकं मारतो. डबा हातात असला की जरा बरं दिसतं.

मी डबा मागून घेतला आणि हलवून बघितला. रिकामा होता. आतून काकूंनी विचारलं, कोण आलंय? काका म्हणाले, वरची इंजिनिअर आलीय. माझा डबा तपासतेय.

संशय कायम.

बुधवार, १२ मार्च

काका लिफ्टमध्ये आईला भेटले. मुलीला थोडी विश्रांती मिळू द्या, म्हणाले. आईने हे जेवताना सांगितलं, काकांच्या आवाजात, डबा हलवून दाखवण्यासाठी पाण्याचा पेला वापरून. बाबा ताटात बघून हसले. पुसटसं, पण हसले. मी ते बघितलं, आणि मी बघितलं हे त्यांनी बघितलं. लगेच आईला म्हणाले, तिला मीठ दे.

मला मीठ नको होतं. घेतलं.

गुरुवार, १३ मार्च

निर्णय: नियंत्रित वातावरण. सायकल लिफ्टमध्ये उभी करून वर आणली आणि पॅसेजमध्ये, चपलांच्या रॅकशेजारी ठेवली. आता दव नाही, वारा नाही, काका नाहीत. फक्त आम्ही तिघं. गडबड करणारा जो काही घटक आहे तो आता दाराबाहेर राहील.

आई म्हणाली, उद्या काकांची स्कूटरही घेऊन ये वर. बाबांनी मात्र कुठूनसा जुना पुठ्ठा शोधून आणला आणि पुढच्या चाकाखाली अंथरला. फरशीला डाग पडू नये म्हणून असणार. या घरात फरशीची किती काळजी.

शुक्रवार, १४ मार्च

नियंत्रित वातावरणात आवाज वाढला.

हे फार महत्त्वाचं आहे. पार्किंगमध्ये नाही आणि घरात आहे असं काय? दिवसभर विचार केला. उत्तर इतकं सोपं की हसू आलं: स्वयंपाकघर. तळणाच्या वाफेबरोबर तेलाचे बारीक कण पॅसेजमध्ये येतात आणि थंड स्टीलवर बसतात. (पार्किंगमधल्या आवाजाचा खुलासा यातून होत नाही. खिडक्यांमधून वाफ खाली जात असावी.)

आईला हे समजावून सांगितलं. ती झारा हातात धरून सगळं ऐकत होती. म्हणाली, म्हणजे तुझ्या सायकलीसाठी आम्ही उकडलेलं खायचं? मी म्हटलं, तीस तारखेपर्यंतच. आई गॅसकडे वळली. पाठमोरी म्हणाली, हो, नंतर काय, दोन माणसांचं तळण ते किती.

विषय मी तिथेच थांबवला. तो तांत्रिक राहिला नव्हता.

पुठ्ठ्यावर दोन गोल तेलकट डाग दिसले. तळणाची वाफ इतकी जड असते याची मला कल्पना नव्हती.

शनिवार, १५ मार्च

नवे पॅड बसवले. नव्या पॅडची आणि डिस्कची आधी ओळख करून द्यावी लागते: वेग घ्यायचा, ब्रेक लावायचा, सोडायचा, पुन्हा वेग घ्यायचा. गोदामांच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर हे सगळं केलं. एक कुत्रा सुरुवातीला माझ्यामागे धावला, मग कंटाळून फुटपाथवर बसला आणि बघत राहिला. शेवटी शेवटी सायकल अशी थांबायला लागली की जणू मागून कोणी कॉलर धरली. आवाज शून्य. मी एकटी असताना बोलत नाही, पण तिथे 'वा' म्हटलं. कुत्र्याने कान हलवले.

लॅबच्या ग्रुपवर लिहिलं: सोमवारी सकाळी फाटकाशी प्रात्यक्षिक. इच्छुकांनी यावं. सरासरीने विचारलं, कानात घालायला कापूस आणायचा का? मी लिहिलं, गरज नाही. खात्री असली की वाक्य लहान होतं.

रविवार, १६ मार्च

आज सायकलीला हात लावला नाही. तपासून बघावंसं वाटत नाही तेव्हाच काम पूर्ण झालं असं समजावं.

आईने माळ्यावरून माझी बॅग काढली. दुपारी ओढून बघितली तर तिची चाकं कुरकुरत होती. संध्याकाळी कुरकुरत नव्हती.

सोमवार, १७ मार्च

प्रात्यक्षिक झालं.

हजर: साहेब, सरासरी, लॅबमधल्या दोघी, वॉचमन (आज कप नव्हता). येताना सगळीकडे मागचाच ब्रेक वापरला, म्हणजे पुढचे पॅड ताजे राहतील. फाटकाआधीच्या उतारावर वेग घेतला. सगळे बघतायत हे बघितलं. ब्रेक दाबला. फक्त पुढचा, कारण प्रात्यक्षिक पुढच्याचं होतं.

आवाज झाला नाही. जराही नाही.

सायकलही थांबली नाही. संपूर्ण शांततेत मी सगळ्यांच्या समोरून गेले. साहेबांनी टाळी वाजवायला हात वर केले होते, ते तसेच राहिले. अभ्यागतांचं पार्किंग गेलं, 'वेग कमी ठेवा' ही पाटी गेली, आणि कुंपणाच्या झुडपात मी आणि सायकल वेगवेगळ्या ठिकाणी थांबलो.

सरासरी धावत आला. उठवायच्या आधी म्हणाला, आवाज साधारण नाहीच म्हणायचा.

गुडघा सोलला. हँडल वाकडं. मूळ उद्दिष्ट आवाज घालवणं हे होतं आणि ते साध्य झालं, हे नोंदवून ठेवते.

मंगळवार, १८ मार्च

रजा. गुडघ्याचा वरचा थर गेला, आतलं शाबूत आहे. आईने पट्टी बांधली. रागाने बांधल्यामुळे घट्ट बसली. इतकी शिकलीस आणि झुडपात शिरलीस, म्हणाली. मी म्हटलं, त्या दोन गोष्टींचा संबंध नाही. म्हणाली, तेच म्हणतेय मी.

बाबा दारात उभे होते. माझ्या गुडघ्याकडे बघितलं, मग पॅसेजमधल्या सायकलीकडे, मग पुन्हा गुडघ्याकडे. तोंड उघडलं. मला वाटलं, आता. पण ते आईला म्हणाले, तिला सांग, तिकडे गेल्यावर... आणि पुढे काही आलंच नाही. आईने विचारलं, काय सांगू? म्हणाले, काही नाही. आणि गॅलरीत गेले.

'मला वाटलं, आता' हे वाक्य वर चुकून आलंय.

दुपारी झोपून उठले तर हँडल सरळ झालेलं. कधी कधी धातूवरचा ताण मोकळा होतो आणि तो आपोआप जागेवर येतो. हँडलच्या बाबतीत असं झाल्याचं मी ऐकलेलं नाही, पण मी काही सगळंच ऐकलेलं नाही.

बुधवार, १९ मार्च

पॅड काढून बघितले. चार दिवसांपूर्वीचे नवे पॅड, आणि हाताला तेल लागतंय. आता आईलाही पटेल. पॅड भाजून, घासून परत बसवले, डिस्क लख्ख पुसली.

पण आईला आकृत्यांनी पटत नाही, पुरावा लागतो. लॅबमधून छोटा रेकॉर्डर आणला आणि तो चिमट्याच्या मागे टेपने चिकटवला. तेलाचा थेंब स्टीलवर पडला तर बारीक टक असा आवाज व्हायलाच हवा. माझं क्षेत्रच ते आहे. डोळ्यांना जे दिसत नाही ते आम्ही कानांनी पकडतो. उद्या सकाळपर्यंत चालू ठेवते.

गुरुवार, २० मार्च

लॅबमध्ये हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकलं.

बराच वेळ फक्त फ्रिज. मग उजाडायच्या सुमारास पॅसेजची हवा हलली. दार उघडल्याचा आवाज नाही, आमची दारं वाजत नाहीत. मग सपाता. मग गुडघे वाकवून कोणीतरी खाली बसताना काढलेला हुंकार. तो हुंकार मी हजार माणसांत ओळखेन. मग टक.

म्हणजे टक ऐकू आला. इतपत माझा अंदाज बरोबर होता.

नंतर बाबा बोलायला लागले. सायकलीशी. लॅबच्या सवयीने ऐकलं तसं उतरवून घेतलं:

"पी बाई, पी. रोज घालतोय आणि रोज सकाळी कोरडी ठणठणीत. एवढं तेल जातं तरी कुठे तुझ्यात? आमचं छपाईचं मशीन एवढं पीत नव्हतं."

टक.

"तिकडे जाऊन ओरडू नकोस. इथे ओरडलीस ते चाललं. परक्या जागी पहिल्याच दिवशी लोक हसले तर ती कुणाला सांगायची नाही. समोर बसलेली असून सांगत नाही, तिथून काय सांगणार."

इथे बराच वेळ नुसतं फडकं फिरल्याचा आवाज.

"पाडलंस ना तिला परवा? कमीच पडलं असणार."

टक. टक. टक.

मग उठतानाचा हुंकार, सपाता, फ्रिज.

सरासरीने दोनदा विचारलं की काय ऐकतेयस. हातानेच थांब म्हटलं. फाईल पुन्हा ऐकली, तांत्रिक कारणासाठी. मग पुन्हा. तिसऱ्या वेळेचं कारण नोंदवलेलं नाही. सरासरीने चहा आणून ठेवला आणि स्वतःच्या टेबलाशी गेला. तो माणूस साधारण बरा आहे.

मूळ कारण सापडलं. समस्या संपली.

शुक्रवार, २१ मार्च

काल संध्याकाळी डिस्क पुसली नाही. फडकं हातात घेतलं होतं. पुसली असती तर आज सकाळी त्यांना ती पुन्हा कोरडी दिसली असती. आज सायकल हातात धरून कारखान्यापर्यंत चालत गेले. गुडघ्याला व्यायाम.

आईला विचारलं, बाबा रोज सकाळी ब्रेकला तेल घालतात हे तुला माहीत होतं का? म्हणाली, माहीत म्हणजे काय, दूध घ्यायला उठते तेव्हा बघते की. मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, मला वाटलं तुम्ही दोघांनी पाळ्या लावून घेतल्यात. ते सकाळी करतात, तू संध्याकाळी. म्हटलं, बोलत नसले तरी एक काम तरी मिळून करतायत. मी कशाला मध्ये पडू?

आकृतीसकट काकांच्या दारात गेले होते, ते आठवलं. डबाही आठवला.

बाबांना सांगायला हवं. साधी तांत्रिक बाब आहे, एका वाक्याची. गॅलरीत गेले. ते बुधलीची चोच पुसत बसले होते. मी समोर उभी राहिले. वाक्य तयार होतं. त्यांनी मान वर केली, आणि मी म्हटलं, आत पंखा चालू राहिलाय.

ते उठून बघायला गेले. पंखा बंद होता. ते परत येईपर्यंत मी तिथे नव्हते.

रविवार, २३ मार्च

सकाळी स्लाइड करायला बसले. शीर्षक: 'डिस्क ब्रेक आणि वंगण, काही गैरसमज'. चौथ्या स्लाइडला लॅपटॉप मिटला. मागच्या वेळच्या स्लाइड्सचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

मग कागदावर लिहिलं. पहिल्या मसुद्यात घर्षण-गुणांक होता. दुसऱ्यात रेकॉर्डरबद्दल लिहिलं होतं, तेही काढलं. ते सायकलीशी बोलले होते, माझ्याशी नाही. उरलं ते खाली उतरवून ठेवते. डिस्कवर पुन्हा पिशवी चढवून हा कागद तिच्यात ठेवणार आहे, उद्या सकाळी त्यांच्या हाताला लागेल असा. पिशवीला त्यांच्यासारखी गाठ मारायचा प्रयत्न केला, एक टोक ओढलं की सुटणारी. बराच वेळ केला. ती गाठ मला येत नाही. कधीच येत नव्हती.

बाबा,

ब्रेकच्या डिस्कला तेल घालायचं नसतं. घातलं की ब्रेक लागत नाही. तुम्ही सकाळी घालत होतात आणि मी संध्याकाळी पुसत होते. चेनला तेल लागतं. चेन कोरडी आहे, ती मी आजवर बघितलीच नाही.

३ तारखेला कारखान्याच्या फाटकाशी सायकल ओरडली आणि लोक हसले. घरी सांगायचं राहिलं होतं.

पुढच्या रविवारी, ३० मार्चला, सकाळची बस आहे. सायकल बसमध्ये चढवायला दोन माणसं लागतात. उतरवायलाही दोन लागतात. मी आईला म्हटलं होतं की मी एकटी करेन. मला ते एकटीने जमणार नाही.

माझ्याबरोबर तिथपर्यंत येणार का, ते शुक्रवार, २८ मार्चपर्यंत सांगा. आईला नको. मला सांगा.